उष्माघात म्हणजे ताप नव्हे

मे महिन्यात भर दुपारी क्रिकेट खेळून आलेल्या मुलाचं अंग तापलं, की धावपळीतल्या घरात पहिला हात पॅरासिटामॉलच्या बाटलीकडे जातो. पण ताप आणि उष्माघात यांची कारणं वेगळी आहेत. तापात मेंदूतलं तापमान-नियंत्रण केंद्र (हायपोथॅलॅमस) जंतुसंसर्गामुळे शरीराच्या तापमानाची पातळी स्वतःच वर नेतं. उष्माघातात ती पातळी योग्यच असते. बाहेरचं ऊन आणि खेळताना स्नायूंत तयार होणारी उष्णता घामाला आवरत नाही आणि तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं. फ्रिजचं दार उघडं असताना आतलं बटण फिरवून उपयोग नसतो. पॅरासिटामॉल फक्त ते बटण फिरवतं.

‘दिलं तर बिघडतं काय?’ असं कोणी विचारेल. मोलाचा वेळ जातो आणि ताण आलेल्या यकृतावर आणखी भार पडतो. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हेही खरं नाही. खेळणाऱ्या मुलांत तो घाम असतानाही होतो. मूल बरळू लागलं, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करा, सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंगावर गार पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.