मायावतीचं ग्रहण

हौसेनं खगोलशास्त्राकडे वळणारे बहुतेक जण सुरुवात कृष्णविवरांवरच्या पुस्तकांपासून करतात. ती पुस्तकं जरूर वाचावीत. पण पुराव्यावरून निष्कर्षापर्यंत कसं पोचायचं, हे नुसत्या वाचनानं अंगवळणी पडत नाही. त्यासाठी एकाच ताऱ्याच्या नियमित नोंदी ठेवणं अधिक उपयोगी, असं मला ठामपणे वाटतं. ययाती तारकासमूहातला मायावती घ्या. त्याची दृश्यप्रत एरवी २.१ असते. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी ती ३.४ पर्यंत उतरते, म्हणजे तेज एक तृतीयांशाहूनही कमी उरतं, आणि सुमारे दहा तासांत सगळा खेळ आटोपतो. आज मध्यरात्री तो सर्वांत मंद असेल, तर तीन रात्रींनी नऊच्या सुमारास पुन्हा तसाच दिसेल. डोळ्यांच्या अंदाजावर कसा विसंबणार, ही शंका रास्त आहे. पण देवयानीतल्या आल्माकसारख्या, प्रत ठाऊक असलेल्या ताऱ्यांशी तुलना केली, तर सरावलेल्या डोळ्याची चूक एक-दोन दशांश प्रतीची असते. इथे फरक १.३ चा आहे.

यॉर्कच्या जॉन गुडरिकनं १७८२ मध्ये नुसत्या डोळ्यांनी हेच केलं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नसे. हे बदल ठरावीक काळानं होतात हे ओळखून त्यानं दोन शक्यता मांडल्या: ताऱ्याभोवती फिरणारं एखादं पिंड त्याला झाकत असावं, किंवा ताऱ्यावरच डाग असावेत. यातली खरी कोणती, हे केवळ तेजाच्या नोंदींवरून त्याला ठरवता आलं नाही. १८८९ मध्ये हेरमान फोगेलनं वर्णपट तपासले: मंदावण्यापूर्वी तारा आपल्यापासून दूर जात होता, नंतर जवळ येत होता. जोडीदार आहे, हे सिद्ध झालं.

गणिताशिवाय हे सारं वरवरचंच, असा आक्षेप उरतो. ताऱ्यांची वस्तुमानं काढायला गणित लागतंच, पण त्यातून उठणारा प्रश्न कुणालाही कळेल असा आहे. जड तारे लवकर म्हातारे होतात. इथे मात्र सूर्याच्या ३.२ पट जड तारा तरुण आणि ०.७ पट वस्तुमानाचा जोडीदार म्हातारा! विसाव्या शतकाच्या मध्यात उत्तर सापडलं: आज हलका असलेला ताराच पूर्वी जड होता. फुगता फुगता त्यानं आपलं बरंचसं द्रव्य शेजाऱ्याला दिलं, आणि तो ओघ अजून थांबलेला नाही.