उजेडामागची गर्दी

डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेला भरते. डहाणू-तलासरीच्या माणसाला ती गर्दी वेगळी सांगायला नको. रिकाम्या मैदानातून पोर एका दमात पलीकडे पळते. जत्रेत तेच पोर खांद्यांना अडत, वळसे घेत किती वेळाने बाहेर पडते! तांब्याच्या वाफेवर चालणाऱ्या लेसरमध्ये अशी गर्दी मुद्दाम करावी लागते. तिचे नाव बफर वायू. बहुधा तो निऑन असतो.

मंडळी, हा लेसर म्हणजे सिरॅमिकची नळी. आत तांब्याचे तुकडे असतात. नळी थंड असते तेव्हा वाफ नसतेच. वीज वाहून नेतो तो निऑन. त्याच विजेने नळी सुमारे १,५०० अंश सेल्सियसपर्यंत तापते, तांब्याची वाफ होते आणि हिरवा-पिवळा झोत निघतो. आपल्या घरातल्या ट्यूबलाइटमध्येही पाऱ्याच्या वाफेसोबत आर्गॉन असतो. त्याला मात्र कुणी विचारत नाही.

वाफ नळीच्या थंड टोकांकडे पळू पाहते. निऑन विरळ असला, तर ती भराभर निसटते आणि काचांवर तांब्याचा थर चढतो. तो फार दाट केला, तर विजेची शक्ती तांब्याला मिळण्याऐवजी धक्काबुक्कीतच खर्च होते.

खरी मेख पुढे आहे. प्रकाश दिल्यावर तांब्याचे अणू मधल्या एका पायरीवर अडकून बसतात. म्हणून एक झोत सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी वेळात विझतो. सेकंदाला हजारो झोत हवेत, तर पुढच्या झटक्याआधी ते अणू तळाशी यायला हवेत; पण आसपासचे तापलेले इलेक्ट्रॉन त्यांना उतरू देत नाहीत. बफर वायू या इलेक्ट्रॉनांना थंड करतो. निऑनमध्ये एक-दोन टक्के हायड्रोजन मिसळला, की हे काम झपाट्याने होते आणि लेसरची शक्ती चांगलीच वाढते. चिमूटभर मिठासारखेच हे. जास्त झाले की बिघडते.

मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात असे लेसर बनवले गेले आहेत. निऑन डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यातही आहे, पण दहा लाख भागांत जेमतेम १८ भाग. हवा अतिथंड करून तो वेगळा काढावा लागतो. संगणकाच्या चिप कोरणाऱ्या वेगळ्या जातीच्या लेसरनाही तोच लागतो. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तिथले निऑनचे कारखाने थांबले आणि जगभरच्या चिप-उत्पादकांना या मुक्या वायूची आठवण झाली.