वाऱ्याचं हजेरीपुस्तक

धाराशिव जिल्ह्यात येडशीचा घाट चढून एसटी बालाघाटाच्या माथ्यावर येते आणि बीडच्या दिशेनं निघते. आधी फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेलं तेरखेडा लागतं, मग वाशीकडचं माळरान. तिथं खिडकीशी बसलेलं पोर हमखास ओरडतं, "पंखे! पंखे बघ, पंखे!" माळावर पांढरेशुभ्र मनोरे उभे असतात, प्रत्येकाला तीन लांब पाती. पवनचक्क्याच त्या. जवळ जाऊन शेंड्याकडे पाहायचं म्हटलं तर डोक्यावरची टोपी पडते.

किती सावकाश फिरतात, असं वाटतं ना? फसू नका. समजा, एक पातं ६० मीटर लांब आहे आणि ते मिनिटाला १२ फेऱ्या घेतंय. पात्याचं टोक एका फेरीत साधारण ३७७ मीटर अंतर कापतं. १२ फेऱ्यांचे झाले साडेचार किलोमीटर, तेही एका मिनिटात! म्हणजे ताशी २७० किलोमीटर. तुमची एसटी खाली जीव तोडून पळत असते आणि वरचं ते टोक तिच्या चौपट वेगानं जात असतं. लांबून मात्र आजोबा बागेत फेरी मारतायत असं दिसतं.

मला मात्र या पंख्यांच्या वेगापेक्षा त्यांच्या जागेचं नवल जास्त वाटतं. हा पंखा याच टेकाडावर का? पलीकडच्या का नाही? वारा काही दिसत नाही. मग इथं तो भरपूर येतो हे कुणाला, कसं कळलं?

आजीला विचारा, ती खळ्यावरची गोष्ट सांगेल. ज्वारीची मळणी झाली की दाणे आणि भूस एकत्र असतं. मग कुणीतरी उंच तिपाईवर उभं राहतं, सूप डोक्याच्या वर धरतं आणि त्यातलं धान्य हळूहळू खाली सोडतं. दाणा सरळ खाली पडतो, भूस वाऱ्याबरोबर बाजूला जातं. यालाच उपणणं म्हणतात. तिपाई कशाला? एक तर दाण्याला पडायला अंतर मिळतं. दुसरं म्हणजे, जमिनीलगत वारा अडखळतो. गवत, बांध, झुडपं, भिंती, सगळ्यांना घासत घासत तो पुढं सरकतो आणि थकतो. वर त्याला अडवणारं कमी, म्हणून तो मोकळा धावतो. शास्त्रज्ञांनी याचं एक अंदाजी गणित मांडलंय. सपाट मोकळ्या माळावर १० मीटर उंचीवर जेवढा वारा असतो, त्याच्या जवळजवळ १.४ पट वारा १०० मीटरवर असतो. म्हणून पवनचक्की इतकी उंच. आजीची तिपाई आणि तो शंभर मीटरचा मनोरा, दोघांना वाऱ्याची एकच खोड ठाऊक आहे.

आता बालाघाटाचंच बघा. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून वारे निघतात. सह्याद्री चढताना ढगांमधलं बरंचसं पाणी तिकडेच पडतं. घाट ओलांडून वारा आपल्याकडे येतो तेव्हा त्याची झोळी निम्मी रिकामी असते. आपण पर्जन्यछायेत राहतो ते असं. जुलैमध्ये धाराशिवच्या शेतात उभं राहून वर बघणाऱ्या माणसाचा जीव यामुळंच तुटतो. ढग येतात, वारा त्यांना पळवून नेतो, सोयाबीन तहानलेलंच राहतं. पण त्या वाऱ्यानं पाणी सांडलेलं असलं, तरी जोर सांडलेला नसतो. परांड्याकडच्या सखल भागावरून तो येतो आणि पठाराच्या कडेवर चढतो. नळीचं तोंड बोटानं दाबलं की पाण्याची चिळकांडी कशी जोरात उडते, तसाच माथ्यावर वारा दाटीवाटीनं, वेग वाढवून निघतो. जो वारा पाऊस देत नाही, तोच इथं वीज देतो. जून ते सप्टेंबर हे त्याचे खरे कामाचे महिने.

आणि या विजेला पाणी लागत नाही, ही दुष्काळी मुलखात फार मोठी गोष्ट आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीला कोळशावर चालणारं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथं वाफ करायला आणि यंत्रं थंड ठेवायला पाणी हवं. पाणीच नव्हतं म्हणून २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये ते केंद्र बंद ठेवावं लागलं. पवनचक्कीला तहान लागत नाही.

पण "इथं वारं लई सुटतं बुवा" एवढ्यावर कुणी कोट्यवधी रुपयांचा मनोरा उभारत नाही. आधी वाऱ्याची हजेरी घेतात. माळावर एक उंच, सडपातळ खांब रोवतात. त्यावर वेगवेगळ्या उंचीवर तीन-तीन वाट्यांची छोटी यंत्रं बसवतात. वारा आला की वाट्या गरगरतात आणि वेग मोजला जातो. शेजारी दिशा दाखवणारा बाण असतो. दर १० मिनिटांच्या वाऱ्याची एक नोंद होते. तासाला ६, दिवसाला १४४, वर्षाला? करा गुणाकार. ५२,५६०! एवढी हजेरी तर तुमच्या अख्ख्या शाळेत कुठल्याच वर्गाची लागत नसेल.

इतक्या नोंदी कशाला, सरळ सरासरी काढली तर? इथंच खरी गंमत आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट होत नाही, चौपटही नाही, आठपट होते! २ × २ × २ = ८. ताकद वेगाच्या घनानं वाढते. आता दोन गावं घ्या. एका गावात दिवसभर सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा. दुसऱ्या गावात अर्धा दिवस ३ मीटर आणि अर्धा दिवस ९ मीटर. दोन्हीकडची सरासरी ६. पण घन करून बघा. पहिल्या गावाचे आले २१६. दुसऱ्याचे २७ आणि ७२९, त्यांची सरासरी ३७८. सरासरी सारखी, ताकद मात्र पावणेदोन पट! म्हणून वारा रोज किती वेळ कसा वागला, हे पानापानानं लिहून ठेवावं लागतं.

भारतात ही वही ज्यांनी मोठ्या निष्ठेनं लिहायला घेतली, त्यांचं नाव ॲना मणी. जन्म १९१८, केरळातल्या पीरमेडचा. घरच्या रिवाजाप्रमाणे आठव्या वाढदिवसाला हिऱ्याची कर्णफुलं मिळणार होती. त्या म्हणाल्या, मला नको, मला ज्ञानकोश हवा. पुढं गंमत अशी झाली, की बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यांवरच संशोधन केलं, कानात घालायला नाही तर त्यातून प्रकाश कसा जातो ते बघायला. मग इंग्लंडला जाऊन हवामान मोजण्याची यंत्रं शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी साधी यंत्रंही परदेशातून यायची. ॲनाबाईंनी शंभराच्या आसपास यंत्रांची रेखाटनं तयार करून घेतली आणि ती इथंच बनू लागली. चुकीचं मोजमाप त्यांना मुळीच खपायचं नाही. निवृत्त झाल्यावर तरी बसाव्यात! १९८० मध्ये भारतातल्या उन्हाच्या नोंदींचा जाडजूड ग्रंथ आला आणि नंतर वाऱ्याच्या नोंदींचाही. आपल्याच राज्यात, पुण्यात, ही बाई देशभरच्या उन्हाचा हिशेब जुळवत होती, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं असतं तर मला फार आवडलं असतं. म्हणून तुम्हाला सांगतोय.

वही भरली. पुढं काय? पुढं मॉडेल.

पोळ्याला तुम्ही मातीचे बैल करता. त्याला शिंगं असतात, वशिंड असतं, पण तो चारा खात नाही. खऱ्या बैलातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे तुम्ही ठरवलेलं असतं. वाऱ्याचं मॉडेल तसंच असतं, फक्त ते मातीऐवजी आकड्यांचं असतं. संगणकात डोंगराचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाची उंची, तिथं झाडी आहे का उघडा माळ, हे भरतात. मग हवेचे नियम लावतात आणि खांबावरच्या नोंदी देतात. खांब एकाच टेकाडावर असतो, पण मॉडेल सांगतं की दोन किलोमीटरवरच्या टेकाडावर वारा कसा असेल. संगणकातल्या डोंगरावर पवनचक्की आधी शंभर ठिकाणी उभी करून बघतात, खऱ्या डोंगरावर एकदाच.

या मॉडेलच्या पोटात काय काय नवलं दडलीत म्हणून सांगू! हवा हलकी वाटते ना? बालाघाटाच्या उंचीवर एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा खोक्यात सुमारे १.१ किलो हवा मावते. ६० मीटर पात्याचं वर्तुळ घ्या आणि सेकंदाला १० मीटरचा वारा. दर सेकंदाला त्या वर्तुळाच्या रोखानं सुमारे सव्वाशे टन हवा चालून येते. वीस-वीस टन ऊस भरलेले सहा ट्रक, एका सेकंदात! पुढच्या सेकंदाला आणखी सहा.

मग ही सगळी ताकद काढून घेऊ या की! नाही जमत. एसटीत दारातच सगळे उभे राहिले तर काय होतं? कंडक्टर ओरडतो, "पुढं सरका, पुढं सरका!" आतले सरकले नाहीत तर खालचे चढणार कसे? हवेचंही तसंच. पात्यांनी वाऱ्याचा सगळा वेग काढून घेतला तर ती हवा मागं थिजून उभी राहील आणि नवीन हवेला वाटच मिळणार नाही. थोडा वेग तिच्याकडे सोडावाच लागतो. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हिशेब मांडला, की कितीही हुशार पंखा केला तरी वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्केच ताकद काढता येते. आजवर ती रेघ कुणाला ओलांडता आलेली नाही.

दोन पवनचक्क्या इतक्या लांब लांब का, याचंही उत्तर मॉडेलच देतं. पंख्यासमोर ताई बसली की मागच्याला वारं लागत नाही. पुढच्या पवनचक्कीमागचा वारा मंद आणि विस्कटलेला होतो. तो पुन्हा सावरायला काही अंतर लागतं, म्हणून वाऱ्याच्या दिशेनं दोघींमध्ये पंख्याच्या व्यासाच्या पाच-सात पट जागा सोडतात.

धाराशिवजवळ कौडगावला महानिर्मिती या राज्याच्या वीज कंपनीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. उन्हाचंही मॉडेल करावं लागतं, आणि तेही चकवतं. तुम्हाला वाटेल, मेमध्ये दुपारी दोन वाजता सौरपाट्या सगळ्यात खूश. पण सौरपाटीला ऊन आवडतं, उष्णता आवडत नाही. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला तिची वीज साधारण ०.४ टक्क्यानं घटते. पाटी तापून ६५ अंशांवर गेली, की १०० एककांच्या जागी ८४. आणि आपल्याकडची धूळ तिच्यावर बसली की आणखी कमी. पावसाळ्यात ढगांनी पाट्या मंदावतात तेव्हा माथ्यावरचे पंखे जोरात असतात. एक बहीण झोपली की दुसरी जागी.

मॉडेलचं काम पवनचक्की उभी राहिली की संपत नाही. उद्या किती वीज येईल, हे आज सांगावं लागतं. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा अंदाज द्यायचा असतो. महाराष्ट्राच्या विजेचा तोल नवी मुंबईत ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातून सांभाळला जातो. तुमच्या घरचा दिवा, लातूरची गिरणी, मुंबईची लोकल, सगळ्यांनी मिळून जेवढी वीज मागितली तेवढीच त्या क्षणी तयार व्हायला हवी. वाशीच्या माळावर वारं पडलं तर दुसरीकडून वीज आणायची तयारी आधीच हवी. आणि अंदाज चुकतात. चुकले की वहीतल्या खऱ्या नोंदीशी ताडून बघतात आणि मॉडेल दुरुस्त करतात.

एक गोष्ट मॉडेलमध्ये आपल्याला मुद्दाम घालावी लागते, नाहीतर ते विसरतं. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोक हा मोठा, जड पक्षी. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळं उडताना समोरची विजेची बारीक तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि दिसली तरी जड अंगानं झटकन वळता येत नाही. देशात आता माळढोक अगदी थोडे उरलेत. पवनचक्क्यांची वीज वाहणाऱ्या तारा कुठून न्यायच्या, कुठं जमिनीखालून घालायच्या, हा प्रश्न वाऱ्याच्या वेगाइतकाच महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. तसंच ज्याच्या रानातून पवनचक्कीचा रस्ता जातो त्या शेतकऱ्याचं. त्याचं म्हणणं आणि त्याचा मोबदला या हिशेबात पहिल्या पानावर हवा.

आता तुमची वही काढा. वाट्यांचं यंत्र नको, कडुलिंबाचं झाड पुरे. रोज ठरलेल्या वेळी, सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच, झाडाकडे बघा. पानं नुसती सळसळली तर लिहा २. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर ३. धूळ आणि कागदाचे कपटे उडाले तर ४. लहान झाडं डोलायला लागली तर ५. हे आकडे मनाचे नाहीत. फ्रान्सिस ब्यूफर्ट नावाच्या दर्यावर्दी अधिकाऱ्यानं १८०५ मध्ये जहाजांसाठी अशी मोजणी बसवली होती, पुढं ती जमिनीवरच्या खुणांनाही लावली गेली. आणखी एक करा. दोन सारख्या काठ्यांना सारख्या लांबीच्या रिबिनी बांधा. एक काठी अंगणात रोवा, दुसरी माळवदावर किंवा गच्चीवर, कुणीतरी मोठं सोबत असताना. कुठली रिबीन जास्त आडवी होते ते लिहा. महिनाभर लिहा, मग पुढच्या आठवड्याचा अंदाज स्वतः करून बघा आणि किती चुकला तेही लिहा.

पुढच्या वेळी वाशीच्या माळावरून जाताना एखाद्या पवनचक्कीच्या माथ्याकडे नीट बघा. पात्यांच्या मागं बसएवढी पेटी असते. तिच्या पाठीवर, अगदी शेवटाला, वारा मोजणारं एक चिमुकलं यंत्र बसवलेलं असतं. ते सांगतं की वारा सेकंदाला तीन-एक मीटर झालाय, तेव्हा पाती कामाला लागतात. ते सांगतं की वादळ सुटलंय, वेग २५ मीटरच्या पुढं गेलाय, तेव्हा पाती वाऱ्याला कड देऊन थांबतात. खाली धनगराची मेंढरं चरत असतात, आणि वर ते चिमुकलं यंत्र वाऱ्याची आजची हजेरी घेत असतं.