शस्त्रक्रियेनंतरचा वात

‘वात’ हा शब्द आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो. गुडघे धरले की संधिवात म्हणतो, आणि आजारी माणूस असंबद्ध बरळू लागला की ‘त्याला वात झाला’ असेही म्हणतो. पहिल्यावरील इलाज करताना दुसरा उद्भवावा, हा प्रकार म्हातारपणी विरळा नाही.

पिंपळे सौदागरात पवनेकाठी जेथे शेते होती, तेथे आता उंच इमारती आहेत. त्यांतील एका घरचे पंचाहत्तरीचे आजोबा डोळ्यांसमोर आणा. मुलगा हिंजवडीस नोकरीला, म्हणून गाव सोडून येथे आलेले. त्यांच्या गुडघ्याचा सांधा बदलला. शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली. दुसऱ्या रात्री मात्र ते सलाइनची नळी उपटू लागले. “बैल सुटलेत, मला गोठ्यात जाऊ द्या,” असा त्यांनी धोशा लावला. उशाशी जागणाऱ्या सुनेकडे बोट दाखवून म्हणाले, “या बाईनं माझे पैसे घेतले.” सकाळी चहाच्या वेळी शांत, दिवेलागणीला पुन्हा तेच. घरात कोणी म्हणते, भूल डोक्यात चढली. कोणी म्हणते, वेड लागले. सुनेच्या मनाला जे लागले, त्याविषयी कोणीच बोलत नाही.

हे वेड नव्हे. विस्मरणाचा रोग वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. वात तासा-दोन तासांत किंवा दोन दिवसांत येतो, आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतो. त्याची मुख्य खूण म्हणजे लक्ष न टिकणे. रविवारपासून उलटे वार म्हणावयास सांगावे. एरवी सहज म्हणणारा माणूस शुक्रवारपाशीच घुटमळतो. आणखी एक प्रकार आहे, तो अधिक फसवा. त्यात रुग्ण ओरडत नाही. नुसता पडून राहतो, जेवत नाही, हाकेला उशिरा ओ देतो. ‘शांत झोपलेत’ म्हणून सारे समाधान मानतात आणि आजार नजरेतून सुटतो.

भुलीला सारा दोष देणे मात्र बरोबर नाही. खुबा मोडलेल्या सोळाशे रुग्णांवर अमेरिका व कॅनडात झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. पूर्ण भूल दिलेले आणि पाठीत इंजेक्शन दिलेले, अशा दोन्ही गटांत साधारण पाचांपैकी एकाला वात झाला. खरे कारण असे की, उतारवयात मेंदूची शिल्लक थोडी असते. शरीरात काही बिघडले की पहिला धक्का तेथे बसतो. दडपलेली वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, रक्तातील कमी झालेले मीठ किंवा प्राणवायू, जंतुसंसर्ग, झोपेच्या गोळ्या, यांतील एक किंवा अनेक मिळून हा प्रकार होतो. रोज मद्य घेणाऱ्याचे ते एकाएकी बंद झाले, तरी तेच. (ही गोष्ट घरचे लोक डॉक्टरांपासून हटकून लपवतात, लाजेपायी रुग्णाचे हाल होतात.) म्हणून असे काही दिसताच ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावे. सकाळी बरे वाटले, म्हणून गप्प बसू नये.

अमेरिकेतील बॉस्टन येथे खुबा मोडलेल्या 126 वृद्धांचा एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे वृद्धरोगतज्ज्ञाने रोज लक्ष पुरवले, त्यांच्यात वाताचे प्रमाण शेकडा 50 वरून 32 वर आले. औषधे तपासून कमी करणे, लघवीची नळी लवकर काढणे, वेदना आटोक्यात ठेवणे, लवकर उठवून चालवणे, असे ते साधे उपाय होते.

घरच्यांनी करावयाचे ते याहून सोपे आहे. चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र घरी ठेवू नये. चष्म्याविना खांबावरचा कोट माणसासारखा दिसतो. दिवसा खिडकी उघडी, रात्री अंधार. आजोबा बैलांचे बोलू लागले तर वाद घालू नये. आपले नाव सांगावे, “गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मी इथंच आहे,” असे हळू आवाजात म्हणावे. हात बांधल्याने धास्ती वाढते. ओळखीचा माणूस जवळ बसणे अधिक कामाचे.

बहुतेकांचा वात काही दिवसांत उतरतो, काहींचा काही आठवडे रेंगाळतो. थोड्यांची स्मरणशक्ती पूर्ववत होत नाही. पुष्कळांना आपण काय बोललो ते आठवते आणि ते ओशाळतात. त्या रात्री आजोबा नव्हे, आजार बोलत होता, हे सुनेला आणि त्यांनाही कोणीतरी सांगावयास हवे. एकदा वात झालेल्यास पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो. तेव्हा दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत हे सांगावे.