दीड वाजता न दिसलेली आग

चंदीगड ही पंजाब आणि हरयाणा दोघांचीही राजधानी. त्यामुळे भाताची कापणी उरकली, की शेतात उरलेली पराली किती ठिकाणी पेटवली गेली याचा वाद तिथेच रंगतो. पंजाबात २०२० साली ८३,००२ घटना नोंदल्या गेल्या. २०२४ मध्ये फक्त १०,९०९. जवळपास ८७ टक्के घट!

पण ही मोजणी करतं कोण? मुख्यतः ध्रुवीय कक्षेतले उपग्रह. ते या भागावरून दुपारी साधारण दीडच्या सुमारास जातात. २०२४ मध्ये नासाचे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी दर दहा मिनिटांनी छायाचित्र घेणाऱ्या कोरियन भूस्थिर उपग्रहाकडे बोट दाखवलं: दुपार टळल्यावरही शेतं पेटत होती.

निरीक्षणाची जाळी किती विरळ आहे, हे संख्याशास्त्र तपासू शकतं. समजा, एका उपग्रहाला १०० आगी दिसल्या, दुसऱ्याला ८० आणि त्यातल्या ४० दोघांनाही दिसलेल्या. म्हणजे दुसऱ्याने पाहिलेल्यांपैकी निम्म्याच पहिल्याच्या नजरेत आल्या. तेव्हा एकूण आगी सुमारे २००. तळ्यातले मासे मोजायची ही जुनी युक्ती.

मेख अशी, की दोन्ही निरीक्षक एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. दोघेही दीडलाच डोकावत असतील, तर पाच वाजताची आग दोघांनाही चुकते, सामायिक आगी भरपूर भरतात आणि अंदाज कमी येतो. वर आकडा मोठा खात्रीचा वाटतो. भूस्थिर उपग्रह ही उणीव भरून काढतो, पण त्याची नजर जाडीभरडी. छोट्या शेतातली आग त्याच्या हाती लागत नाही. म्हणून जळालेल्या क्षेत्राची मोजणीही सोबत लागते.