नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर पाण्यात बुडी केव्हा मारावी?

उन्हाळा लागला की यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या विहिरींवर मुलांची गर्दी होते. कमरेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकणारी मुले एका बाजूला असतात, तर काठावरून सूर मारून तळाचा दगड वर आणणारी पट्टीची पोरे दुसऱ्या बाजूला असतात. तळाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव हमखास येतो. दोन-तीन मीटर खाली गेले की कानांना दडे बसतात. त्यातून सर्दी झालेली असेल, तर भुवईच्या वर सुई टोचावी तशी कळ येते.

हल्ली विदर्भातील कुटुंबे सुटीत मालवण-तारकर्लीच्या समुद्रावरही जातात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पाठीवर दाबाखालील हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली श्वास घेत फिरणे म्हणजे स्कूबा. समजा, आपल्यापैकी एखाद्याला सायनसचा जुना विकार होता आणि त्याची शस्त्रक्रिया झाली. डोके दुखायचे थांबले, नाक मोकळे झाले. आता विहिरीत किंवा समुद्रात बुडी मारायला हरकत आहे काय? या प्रश्नाचे उत्तर केवळ वैद्यकात नाही. त्याचा अर्धा भाग आपल्या भौतिकीच्या पाठ्यपुस्तकात आहे.

कवटीतील रिकाम्या खोल्या

आपल्या चेहऱ्याची हाडे भरीव नाहीत. नाकाच्या भोवती हाडांमध्ये पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. यांनाच सायनस म्हणतात. आपण त्यांना कोटरे म्हणू. एक जोडी गालांच्या हाडांत, एक कपाळात, एक दोन डोळ्यांच्या मध्ये आणि एक नाकाच्या अगदी मागे, मेंदूच्या तळाशी असते. कपाळातील कोटरे जन्मतः नसतात. ती बालपणी तयार होऊ लागतात आणि तारुण्यापर्यंत वाढत राहतात.

गालाचे कोटर सर्वांत मोठे. प्रौढ माणसात त्यात सुमारे १५ घन सेंटिमीटर हवा मावते, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे. प्रत्येक कोटराला नाकात उघडणारे दार असते, पण ते फार अरुंद असते. गालाच्या कोटराचे दार तर अवघ्या काही मिलिमीटरचे. या खोल्यांना आतून श्लेष्मकला नावाच्या ओलसर पातळ पडद्याचे अस्तर असते. सर्दी झाली की हे अस्तर सुजते आणि मुळातच अरुंद असलेले दार बंद होते.

जमिनीवर असताना दार बंद झाले, तर डोके जड होते, इतकेच. पाण्याखाली मात्र गोष्ट निराळी आहे.

बॉईलचा नियम आणि विहीर

इ. स. १६६२ मध्ये रॉबर्ट बॉईल याने मांडलेला नियम तुम्हांला ठाऊकच आहे. तापमान कायम असताना ठरावीक वायूवरील दाब दुप्पट केला, तर त्याचे घनफळ निम्मे होते. समुद्रसपाटीला हवेचा दाब एक वातावरण असतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणून १० मीटरवर दाब २ वातावरण आणि हवेचे घनफळ १/२; २० मीटरवर दाब ३ आणि घनफळ १/३; ३० मीटरवर दाब ४ आणि घनफळ १/४.

हे आकडे नीट पाहा. पहिल्या १० मीटरांत घनफळ निम्म्याने घटते. पण २० मीटरपासून ३० मीटरपर्यंत जाताना ते मूळ घनफळाच्या केवळ बाराव्या हिश्शाने घटते. म्हणजे हवेच्या पोकळ्यांना सर्वांत मोठा फरक उथळ पाण्यातच सोसावा लागतो. “मी काही खोल जाणार नाही, वरच्यावर बुडी मारीन,” असे म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

शिक्षकांना बरोबर घेऊन एक प्रयोग करता येईल. काचेची लहान बाटली आतून पूर्ण कोरडी करा आणि आतल्या बाजूला खडूची पूड भुरभुरवा. बाटली उलटी धरून तिच्या गळ्याला अर्धा-पाऊण किलोचा दगड आणि पोटाला मोजपट्टीच्या खुणा केलेली दोरी बांधा. काठाला कठडा असलेल्या विहिरीत ती न हलवता, तोंड खालीच राहील अशी, हळूहळू सोडा आणि तशीच वर घ्या. दाबाने आत शिरलेले पाणी जिथवर चढले तिथवरची पूड ओली झालेली दिसेल. पाणी पाच मीटर खोल असेल तर सुमारे तिसरा हिस्सा, दहा मीटर असेल तर अर्धी बाटली ओली होईल. याच तत्त्वावर लॉर्ड केल्व्हिन याने १८७०च्या दशकात समुद्राची खोली मोजण्याचे यंत्र केले होते. त्यात बाटलीऐवजी आतून रंग बदलणाऱ्या रसायनाचा लेप दिलेली काचेची नळी होती.

बाटलीचे तोंड उघडे होते म्हणून पाणी आत शिरले आणि दाब सारखा झाला. उघड्या दाराच्या कोटरात हेच काम हवा करते. स्कूबाच्या यंत्रातून मिळणारी हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाचीच असते. ती नाकामागून कोटरात शिरते आणि आतबाहेरचा दाब समान राहतो. पाणबुड्याला काही जाणवतही नाही.

दार बंद असले तर

आता दार बंद आहे असे समजा. पाणबुड्या १० मीटर खाली गेला. त्याच्या रक्तावर आणि मांसपेशींवर २ वातावरण दाब आहे, पण कोटरातील हवा १ वातावरणाच्याच दाबाची आहे. हाडाच्या भिंती फुग्यासारख्या आक्रसू शकत नाहीत. मग ही तूट भरून कशी निघते? आतले अस्तर सुजते, त्यातील केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो, अखेर त्या फुटतात आणि कोटरात रक्त साचते. कपाळात उठणारी कळ ही याचीच सूचना असते. असा त्रास कपाळाच्या कोटरांना सर्वांत जास्त होतो.

याची दुसरी बाजू अधिक घातक आहे. खाली जाताना दार उघडे होते, पण पाण्याखाली असताना ते बंद झाले, तर वर येताना आतली हवा फुगते आणि तिला वाट मिळत नाही. खाली जाताना दुखले तर वर येता येते. वर येताना दुखले तर जायचे कोठे? नळकांड्यातील हवा तर संपत चाललेली असते. नाक मोकळे करणारे थेंब घालून बुडी मारू नये, असे सांगतात ते याचसाठी. थेंबांचा परिणाम पाण्याखालीच ओसरला, तर नेमका हाच प्रसंग ओढवतो.

श्लेष्म्याची वाट

शस्त्रक्रियेने हे दार मोकळे करता येते. पण कोणते दार, हे कळायला बराच काळ जावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कॉल्डवेल आणि फ्रान्समध्ये ल्यूक यांनी वरच्या ओठाच्या आतून, दातांच्या वर हाड फोडून गालाच्या कोटरात शिरण्याची पद्धत सांगितली. त्यात नाकाच्या तळाशी एक नवे भोकही पाडीत. पाणी खाली वाहते, तेव्हा खालच्या भोकातून सारा पू निघून जाईल, हा विचार सरळ होता. तरी पुष्कळ रोग्यांचा विकार परत येई.

याचे कारण ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. कोटराच्या अस्तरावर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. वाऱ्यावर डोलणाऱ्या गव्हाच्या शेतासारखे हे तंतू एका लयीत हलतात आणि श्लेष्म्याचा थर पुढे ढकलतात. गंमत अशी, की गालाच्या कोटराचे नैसर्गिक दार तळाशी नसून वरच्या बाजूला असते, आणि पक्ष्माभिका श्लेष्मा चढावरून त्या दाराकडेच नेतात. खाली कितीही मोठे भोक पाडा, श्लेष्मा त्याला वळसा घालून जुन्या दाराकडे जातो!

म्हणून आधुनिक शस्त्रक्रियेत नवे दार पाडीत नाहीत, तर नाकपुडीतून बारीक दुर्बीण घालून नैसर्गिक दारच मोकळे करतात. मेसरक्लिंगर आणि त्यांचे सहकारी स्टामबर्गर यांनी ही पद्धत विकसित केली, आणि १९८५ पासून अमेरिकेत केनेडी यांनी तिचा प्रसार केला. आज आपल्याकडील कान-नाक-घसा तज्ज्ञही याच पद्धतीने शस्त्रक्रिया करतात.

बाहेरून बरे, आतून अपुरे

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत चेहऱ्यावर टाका नसतो. आठवड्याभरात रोगी हिंडू-फिरू लागतो. साहजिकच त्याला वाटते, आपण बरे झालो. परंतु आत काय चालले असते?

पहिले एक-दोन आठवडे नाकात रक्ताच्या गुठळ्या आणि खपल्या असतात. या काळात नाक जोराने शिंकरायलाही मनाई असते. पुढील काही आठवड्यांत उघड्या हाडावर नवे अस्तर चढते. हे अस्तर आधी सुजलेले असते, आणि त्यावरील पक्ष्माभिका पूर्ववत काम करू लागायला तीन महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. या मधल्या काळात दार पुन्हा सुजून किंवा जखमेचे व्रण जुळून बंद होऊ शकते. म्हणजे ज्याच्या कोटराचे दार नुकतेच दुरुस्त झाले, त्याचेच दार सर्वांत बेभरवशाचे असते.

दुसरी गोष्ट शेजाराची. डोळ्यांमधील कोटरे आणि डोळ्याची खाच यांच्यामध्ये हाडाचा जो पत्रा आहे, त्याचे लॅटिन नावच ‘कागदासारखा पत्रा’ असे आहे. कोटरांच्या वर मेंदूचे आवरण आहे. शस्त्रक्रियेत हे पातळ हाड उघडे पडले असेल, तर दाबाखालील हवा डोळ्याभोवती शिरू शकते. कान मोकळे करण्यासाठी नाक दाबून फुंकर मारण्याची जी युक्ती पाणबुडे वापरतात, तीही अशा वेळी धोक्याची ठरते.

परतीच्या पायऱ्या

तेव्हा पाण्यात परतायचे ते पायरीपायरीने. डॉक्टर सामान्यतः निदान सहा आठवडे ते तीन महिने थांबायला सांगतात. शस्त्रक्रिया मोठी असेल तर अधिक. नेमका काळ शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञच ठरवतात. त्यांना पुढील गोष्टी पाहायच्या असतात.

१) दुर्बिणीतून पाहता दारे उघडी आहेत, अस्तर भरून आले आहे आणि खपल्या उरलेल्या नाहीत.

२) रक्त येत नाही, नाकातून पाण्यासारखा द्रव गळत नाही. असा द्रव मेंदूभोवतालचा असू शकतो. तसे असेल तर पाण्याचे नावही काढू नये.

३) जमिनीवर असताना दोन्ही कान सहज मोकळे होतात, आणि त्यासाठी औषधाची गरज लागत नाही.

४) ज्या कारणाने विकार झाला, उदाहरणार्थ ॲलर्जी, ते कारण आटोक्यात आहे.

एवढे झाल्यावरही पहिली बुडी उथळ, सावकाश आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली असावी. जरा दुखले की थांबावे आणि वर यावे. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरूच नये. हे नियम विहिरीलाही तितकेच लागू आहेत; किंबहुना अधिक, कारण विहिरीत उंचावरून उडी मारली की पाणी जोराने नाकात घुसते आणि दोन-तीन मीटरांचा दाब दोन-तीन सेकंदांत येतो. प्रवासी विमानात दाबाचा जवळजवळ एवढाच फरक पडायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात.

आणखी एक सावधगिरी. शस्त्रक्रियेनंतर मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायला सांगतात. ते पाणी उकळून निववलेलेच हवे. विहिरीच्या किंवा तळ्याच्या कच्च्या पाण्यातून नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. हा रोग विरळा, पण बहुधा प्राणघातक असतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये असे रोगी आढळले आहेत.

प्रश्नावलीतील एक प्रश्न

स्कूबा शिकण्यापूर्वी आरोग्याची एक प्रश्नावली भरावी लागते. २०२० साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीत एक प्रश्न असा आहे: गेल्या सहा महिन्यांत सायनसची शस्त्रक्रिया झाली आहे काय? उत्तर ‘होय’ असेल, तर डॉक्टरांची संमती आणल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. सहा महिने सरसकट बंदी, असा याचा अर्थ नव्हे. तपासणी करून या, एवढाच आहे.

यवतमाळहून रात्रभर प्रवास करून मालवणला पोहोचलेल्या मुलाला येथे ‘नाही’ लिहिण्याचा मोह होईल. सहल वाया जाऊ नये म्हणून घरची माणसेही कानाडोळा करतील. परंतु कागदावर काहीही लिहिले, तरी १० मीटर खोलीवर दाब दुप्पट व्हायचा तो होतोच. म्हणून सहलीचा बेत ठरवण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना किंवा यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी कान-नाक-घसा विभागात दाखवून यावे. समुद्र पुढच्या सुटीतही तेथेच असणार आहे.

विचार करा

१) यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे आणि तेथे हवेचा दाब सुमारे ०.९५ वातावरण असतो. गोड्या पाण्यात १०.३ मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. मग यवतमाळच्या विहिरीत किती खोलीवर हवेचे घनफळ निम्मे होईल? (उत्तर : सुमारे ९.८ मीटर)

२) याच विहिरीत ३ मीटर खोलीवर १५ घन सेंटिमीटर हवेचे घनफळ किती होईल? (उत्तर : सुमारे ११.५ घन सेंटिमीटर)

३) बाटलीच्या प्रयोगात बाटलीला घट्ट बूच लावून ती खाली सोडली, तर आतील हवेचा दाब बदलेल काय? बंद दाराच्या कोटराशी या बाटलीचे साम्य कोणते आणि फरक कोणता?