विमानतळाशेजारची वसाहत आणि तिची पर्यावरण-तपासणी

वरुड तालुक्यांतील, सातपुड्याच्या पायथ्याचें शेंदूरजनाघाट हें गांव संत्र्यांसाठीं प्रसिद्ध आहे. आंबिया अगर मृग बहराचे पैसे हातीं आले, कीं मुलांच्या शिक्षणासाठीं अमरावतीस एखादा प्लॉट घेऊन ठेवावा, असा विचार अशा गांवांतील कुटुंबांत सहज होतो. या बाजाराला आतां नवें आकर्षण लाभलें आहे. १६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. त्यासाठीं धावपट्टी १,८५० मीटरपर्यंत वाढविण्यांत आली. विमानतळ आला, कीं भोंवतालच्या शेतांत ले-आऊट पडणार, हें ओघानेंच आलें. अशा वसाहतीची तपासणी कोण करतो, आणि कोणता प्रश्न त्या तपासणीबाहेर राहतो, हें प्लॉट घेणाऱ्यानें समजून घेणें अगत्याचें आहे.

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखालीं १४ सप्टेंबर २००६ रोजीं केंद्र सरकारनें जी अधिसूचना काढली, तिच्याप्रमाणें २०,००० चौरस मीटर अगर त्याहून अधिक बांधकामाच्या योजनेस आणि ५० हेक्टर अगर त्याहून मोठ्या नगरवसाहतीस आधीं पर्यावरणविषयक मंजुरी घ्यावी लागते. पाणी कोठून आणणार, सांडपाणी कोठें सोडणार, पावसाच्या पाण्याची वाट कोणती, कचऱ्याची व्यवस्था काय, झाडें किती तोडणार, अशा प्रश्नांचीं उत्तरें योजकानें द्यावयाचीं असतात. मात्र गृहबांधणीच्या योजनांना या अधिसूचनेनें जाहीर सुनावणींतून सूट दिली. त्यामुळें शेजारच्या शेतकऱ्यास अगर भावी रहिवाशास आपलें म्हणणें मांडण्याची जागा तेथें उरत नाहीं.

आतां व्यवहारांत काय घडतें तें पाहूं. ५० हेक्टर म्हणजे सुमारें १२३ एकर. दहा एकरांचा ले-आऊट या मर्यादेच्या कितीतरी खालीं राहतो. त्यांत मालक केवळ प्लॉट पाडून विकतो, आणि घर ज्याचें त्यानें बांधावयाचें असतें. त्याला नगररचनेची मंजुरी लागते. पण पर्यावरणाची ती सविस्तर तपासणी होत नाहीं. असे वीस ले-आऊट एकमेकांस लागून पडले, तर दोनशे एकरांचें गांव उभें राहतें, आणि त्या सबंध गांवाचा एकत्र विचार कोणत्याच कागदावर झालेला नसतो.

वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत हा विचार विशेष महत्त्वाचा आहे. ही माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि एकदां ओली झाली कीं पाणी फार हळू जिरूं देते. शोषखड्डे तुंबतात, आणि सांडपाणी रस्त्याच्या कडेला साचतें. साचलेलें पाणी व उघडा कचरा जेथें असेल तेथें घारी आणि बगळे जमणारच. गांवांत ही केवळ घाण ठरते. विमानतळाजवळ तें संकट ठरतें, कारण पक्षी इंजिनांत ओढला गेल्यास विमानाचा जीव धोक्यांत येतो. १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमानें विमानतळापासून १० किलोमीटरच्या आंत पक्ष्यांना बोलावील असा कचरा टाकण्यास मनाई केली, ती याचसाठीं. म्हणजे वसाहतीची गटारें आणि आकाशांतील विमानाची सुरक्षितता हे दोन वेगळे प्रश्न नाहींत.

दुसरी गोष्ट उंचीची. २०१५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें विमानतळाभोंवतीं २० किलोमीटरपर्यंत बांधकामाच्या उंचीवर बंधनें येऊं शकतात. उतरत्या विमानाची वाट तिरपी असते. मोठ्या धावपट्टीसमोर ती मोकळी राहावी म्हणून सामान्यतः ५० मीटर अंतरास १ मीटर असा चढ धरतात. याचा अर्थ, धावपट्टीच्या सरळ रेषेंत एक किलोमीटरवर सुमारें २० मीटर, म्हणजे पांच-सहा मजले, एवढीच मोकळीक. घराची गच्ची, पाण्याची टाकी, मोबाईलचा मनोरा हीं सर्व त्यांत धरलीं जातात. आणि उंची समुद्रसपाटीपासून मोजली जात असल्यामुळें टेकाडावरच्या प्लॉटाला मजला कमी मिळतो.

तिसरी गोष्ट आवाजाची. २००० सालच्या ध्वनिनियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. लहान विमानतळावर दिवसांतून एखादेंच विमान येतें, तेव्हां हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण बेलोऱ्यास वैमानिकांची शिक्षणसंस्था उभारण्याचें एअर इंडियानें २०२४ सालींच जाहीर केलें. शिकाऊ वैमानिक त्याच आकाशांत पुनःपुन्हां घिरट्या घालतो, उतरतो आणि पुन्हां उडतो. वसाहतीची तपासणी आजच्या शांततेवर होते. राहणाऱ्याला मात्र पुढचीं तीस वर्षें काढावयाचीं असतात.

जुहूचा दाखला या बाबतींत बोलका आहे. १९२८ सालीं तेथें विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेंच उतरले. तेव्हां भोंवतीं मोकळें मैदान होतें. पुढें मुंबई वाढत गेली व घरांनीं विमानतळाला वेढा घातला. आज तेथें मुख्यतः हेलिकॉप्टरें उतरतात. तर आसपासच्या जुन्या इमारतींच्या रहिवाशांना उंचीच्या बंधनामुळें नवी इमारत बांधणें अवघड झालें आहे. विमानतळही खुंटला आणि घरेंही खुंटलीं.

बेलोऱ्याभोंवतीं अजून शेतें आहेत, तोंवर उपाय सोपा आहे. एकेका ले-आऊटाची नव्हे, तर सबंध परिसराची पाणी, गटार, कचरा, उंची व आवाज या पांचही अंगांनीं एकत्र तपासणी व्हावी, आणि तिचा नकाशा ग्रामपंचायतींत सर्वांना पाहावयास मिळावा. तोंपर्यंत प्लॉट घेणाऱ्यानें मंजूर नकाशा व उंचीचा ना-हरकत दाखला हे दोन कागद स्वतः पाहावे, आणि ती जमीन एकदां भर पावसाळ्यांत पायांनीं तुडवून यावी. संत्र्याची बाग घेतांना शेतकरी विहिरींत वांकून पाहिल्याशिवाय इसार देत नाहीं. घराच्या जागेसाठीं त्यानें विहिरीबरोबर आकाशाकडेही पाहिलें पाहिजे.